उसण, निरगुडी आणि जिताडा

काकीच्या भातलावणीला मी पाठीत उसण भरल्याचं सांगून दांडी मारली, दिवसभर खाडीवर गळ टाकून बसलो, आणि त्यात मिळालेल्या जिताड्याचा वाटा संध्याकाळी काकीच्याच घरी नेऊन दिला.

हे लिहिताना मलाही वाटतं की एवढा मूर्खपणा एका माणसाला एका दिवसात जमणार नाही. पण मला जमला, आणि तोही फारसे कष्ट न घेता.

काकी नात्याची कुणी नाही. आमच्या घराला लागून तिचं घर, म्हणून काकी. मुलगा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. तिची दोन खाचरं आहेत, आमचीही दोनच. रेवसच्या बाजूला, खाडीच्या बांधाच्या आत असली लहान लहान खाचरं सगळ्यांचीच. मी मुंबईत एका कचेरीत कारकून आहे. एरवी मांडव्याहून जातो, पावसात तिथली लाँच बंद झाली की रेवसहून भाऊच्या धक्क्याला. जुलैत मात्र आठ-दहा दिवसांची रजा टाकतो, कारण तेव्हा सावड असते.

सावड म्हणजे आळीपाळीने लावणी. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. ज्याचं शेत, त्याने जेवण घालायचं. पूर्वी म्हणे सगळी आळी सावडीत होती. आता निम्मे पुरुष कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, पोरं नवी मुंबईत, आणि मजुरीनं माणूस शोधायला गेलं तर लावणीच्या दिवसांत मिळत नाही. उरलो आम्ही अकरा घरं. सावडीत हजेरी माणसाची नसते, घराची असते. घरातून जेवढे कबूल केले तेवढे आले पाहिजेत. आमच्या घरून दोन, मी आणि बायको. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मोबाईलवर सावडीचा ग्रुप आहे, त्यात फक्त पाळ्यांची यादी असते आणि सकाळी फुलांचे फोटो.

त्या वर्षी पहिले तीन दिवस मी इमानदारीत वाकलो. चौथी पाळी काकीची. आदल्या संध्याकाळी मी उघाडीवरून चालत घरी येत होतो. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाला ठेवलेली झडपेची वाट. तिथं गोडं पाणी खाऱ्यात पडत होतं आणि त्या फेसात काहीतरी मोठं फिरताना मला दिसलं. एकदा पाठ दिसली, एकदा शेपूट. रात्रभर मी ते शेपूट बघत होतो.

सकाळी बायको उठली तेव्हा मी कण्हत होतो. कण्हणं मला चांगलं जमतं.

"काय झालं हो?"

"उसण भरली. उठताच येईना."

"आज काकीचं शेत आहे."

"म्हणूनच तर जास्त वाईट वाटतंय," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून छळतं.

तिने माझ्या पाठीला तेल चोळलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि गेली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी कण्हलो. मग उठलो आणि मागच्या दाराने गळ घेऊन बांधावर गेलो.

मासा दुपारी लागला. कसा लागला ते सविस्तर सांगायचा मोह होतो, पण या गोष्टीत मी तो मोह आधीच एकदा पुरवलेला आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वर आणखी वीतभर. आयुष्यात एवढा जिताडा मी बाजारात बघितला होता, हातात कधी धरला नव्हता. आनंदात घरी आलो आणि परसात उभा राहिल्यावर लक्षात आलं, की हा मासा कुठून आला ते आता मला सांगावं लागणार आहे.

बायको संध्याकाळी आली ती चिखलाने माखलेली. हातात काकीचा स्टीलचा डबा आणि काखेत निरगुडीचा पाला. सावडीचं जेवण. मी आजारी, म्हणून काकीने माझा वाटा वेगळा काढून पाठवला होता: भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वर फणसाच्या आठळ्यांची भाजी. आणि पाला पाठीला शेकायला.

तिने परसात मासा बघितला.

"हे काय?"

"मासळीवाली आली होती. घेतला."

"आणि तुम्ही उठलात?"

"तीच ओटीपर्यंत आली."

"मासेमारीबंदीच्या दिवसांत तिच्याकडे एवढा जिताडा?"

"खाडीचा आहे म्हणाली."

ती जरा वेळ माशाकडे आणि जरा वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिली. मग दमलेली होती म्हणून आंघोळीला गेली. मी वाचलो असं मला वाटलं. इथेच गप्प बसून मासा खाल्ला असता तर खरंच वाचलो असतो.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, एवढा मोठा मासा आमच्याकडे कुणी एकट्याने खात नाही. तसं खाल्लेलं कळतं, आणि वर्षभर ऐकवलं जातं. दुसरी, काकीचा डबा. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, काही ना काही घालून द्यायचं, हे मला चालायला लागण्याआधीपासून माहीत आहे. म्हणजे डबा द्यायचा तर त्यात काहीतरी हवं, आणि घरात द्यायच्या लायकीची एकच वस्तू होती.

मी चार घरांचे चार वाटे केले. काकीचा सगळ्यांत चांगला, पोटाकडचा. झाकायला केळीचं पान हवं होतं, पण परसात पाऊस होता. हाताशी पाला होता. तो वर दाबला, झाकण लावलं आणि कमरेवर हात ठेवून, लंगडत, डबा देऊन आलो. उसण पाठीत भरलेली, लंगडायचं कारण नव्हतं. पण मी नट नाही.

"मासळीवालीकडनं घेतला," मी चारही घरी सांगितलं. काकीने झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या सकाळी मासळीवाली आली. बंदीच्या दिवसांत तिच्या टोपलीत सुकट, जवळा आणि वाकट्या, सगळी सुकी मासळी. आमच्या घरी यायच्या आधी तिची, काकी सोडून वाटा पोचलेली, बाकीची तीन घरं झाली होती आणि तिन्हीकडे तिला एकच बोलणं ऐकायला मिळालं होतं: त्याला जिताडा देतेस, आम्हाला गेली वीस वर्षं सुकट. ती ओटीवर चढली ती टोपली न उतरवताच.

"कुठंय गो बाय तुझा नवरा? मी जिताडा दिला? कवा दिला? चार दिस टोपलीत सुकटीबिगर काय न्हाय. काल तर मी तुमच्या आळीत आले पन न्हाय!"

बायको माझ्याकडे वळली. मी पाठीला हात लावला. सवय.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. त्या बाईला माझी बदनामी करायची नव्हती. तिला स्वतःचं नाव साफ करायचं होतं. वीस वर्षं ती सगळ्यांना सारखा माल देते, डावं-उजवं करत नाही, एवढ्यावर तिचा धंदा चालतो. मी ते एका वाक्यात मोडलं होतं. म्हणून ती अकराच्या अकरा घरी गेली, सावडीत नसलेल्या घरीही गेली, आणि जिताडा आपण दिला नाही हे सांगितलं. मग तो आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. ज्याने त्याने आपापला हिशोब जुळवला.

 संध्याकाळी बायको म्हणाली, "शनिवारी आपली पाळी आहे. रोप आत्ताच जून व्हायला लागलंय. लोक आले नाहीत तर दोघांनी दोन खाचरं लावायला आठवडा लागेल, तोवर ते पेंढा होईल. सासऱ्यांच्या मागे एकदाही शेत पडीक राहिलेलं नाही. आणि मी चार दिवस लोकांच्या चिखलात उभी राहिले, ते कुठे गेले?"

"ते तुझे धरतील ना."

"घर धरतात," ती म्हणाली.

मी ठरवलं, कामाने तोंड बंद करायचं. पुढच्या पाळीला, आमच्या समोर राहणाऱ्या ट्रेलरवाल्याच्या शेतात, मी मालकाच्याही आधी जाऊन उभा राहिलो. कुणी वाकडा शब्द काढला नाही. उलट सगळ्यांना माझ्या पाठीची फार काळजी वाटू लागली होती.

"अरे अरे, तुम्ही कशाला वाकता? पुन्हा भरंल उसण."

"खुर्ची आना रे त्यांना!"

आणि खरोखर खुर्ची आली. लाल, प्लास्टिकची. ती बांधावर ठेवून, माझ्या हातात छत्री देऊन, त्यांनी मला बसवलं. सात बायका आणि पाच पुरुष चिखलात ओळीने वाकलेले, आणि मी छत्री घेऊन वर बसलेलो, जमीनदारासारखा. उठलो की कुणीतरी ओरडायचं, "वहिनी, बघा हो, उठले!" अकरा वाजता मी बळेच उतरलो आणि एक पट्टा लावून दाखवला. माझ्या ओळी थोड्या तिरक्या जातात हे मला मान्य आहे. रोप चिखलात किती दाबायचं याचाही अंदाज मला कधी आला नाही, त्यामुळे काही काड्या मागे तरंगत होत्या. पण मन लावून लावलं.

जेवताना मला पहिलं ताट मिळालं. "आजारी मानसाला आधी."

त्या रात्री मी ग्रुपवर माफीचा मजकूर टाकला. चांगला लांब लिहिला. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर एकच आलं, पनवेलला राहणाऱ्या एकाचा अंगठा. त्याची शेती नाही.

मग गुरुवारपासून आळीतल्या पाठी दुखायला लागल्या.

पहिली पाठ ट्रेलरवाल्याची. मी सहज म्हणून विचारायला गेलो, शनिवारी येताय ना. तो गाडी धूत होता, टायरच्या खाली वाकून.

"शनिवारी व्हय? बघतो. पाठीत जरा उसण भरल्यासारखी वाटतीया."

त्याच्या बायकोलाही भरली होती. पलीकडच्या घरी दोघांना. आळीच्या टोकाला एक घर आहे, त्यांच्या लावणीला मी कधीच दांडी मारलेली नाही, त्यांचं माझं कधी काही झालेलं नाही. तिथेही म्हातारी पाठ धरून बाहेर आली. दांडी मी एका घरी मारली होती, उत्तर सगळी आळी देत होती. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "तुमची उसण साथीची निघाली."

मला रागच आला. मी परत ट्रेलरवाल्याकडे गेलो आणि सरळ विचारलं, "मी तुझ्या शेतात आलो होतो की नाही? तुझं काय घेतलं मी?"

तो हात पुसत उभा राहिला. या वेळी चेष्टा केली नाही.

"माझं काय घेतलं न्हाईस. पन तुझ्याकडं मी आलो तर उद्या काकीला कोन जाईल सांग. जो तो म्हनंल, त्यानं दांडी मारली, त्याचं काय अडलं? पुढच्या वर्षी अकरा घरात आठ पाठी दुखतील. मग माझं शेत कोन लावनार? मी ट्रेलरवर असतो महिनाभर."

  माझ्यावर कुणाचा राग नव्हता, हेच जास्त अवघड होतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. हे लोक आपापलं शेत सांभाळत होते.

बायकोने तोवर तिच्या परीने एक प्रयत्न केला होता. घावने करून काकीकडे डब्यातून पाठवले. डबा परत आला तो घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. साखरेचा दाणा नाही, मिरचीचं देठ नाही. बायकोने झाकण उघडून माझ्या पुढ्यात ठेवला आणि चुलीकडे गेली. मी त्या डब्यात बराच वेळ बघत बसलो. त्यात माझं तोंड दिसत होतं, जरा रुंद.

शुक्रवारी दिवे लागायच्या सुमाराला मी काकीकडे गेलो. ती पडवीत आठळ्या सोलत बसली होती. वाटेत मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात 'मनःपूर्वक' हा शब्द दोनदा होता.

"काकी, त्या दिवशी माझं चुकलं—"

"कुठं धरलास?"

"काय?"

"जिताडा. कुठं धरलास?"

"उघाडीवर."

"अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं. फेसाच्या जरा खाली."

"काय लावलं व्हतं गळाला?"

"कोळंबी. जिवंत."

"हं." तिने आणखी एक आठळी सोलली. "चांगला व्हता. पन वास येत व्हता त्याला."

"वास? ताजा होता काकी, त्याच दिवशीचा."

"निरगुडीचा."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"त्या दिवशी लावनी टाकून मी पाला आनायला तळ्याच्या पलीकडं गेले. माझे गुडघे तुला म्हायत हायत. म्हटलं, गडी कधी खोटं बोलायचा न्हाय, खरंच आखडला असंल. रात्री डबा उघडला तर माझा पाला मला परत. हिरवागार. एक पान पन शेकलेलं न्हाय."

म्हणजे तिला त्याच रात्री कळलं होतं. मासळीवाली यायच्या आधी, सगळ्यांच्या आधी. आणि ती कुणाकडे एक शब्द बोलली नव्हती. मी खालमानेने आठळ्यांची सालं गोळा करायला लागलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगायचं? तुझ्या बायकोनं त्या दिवशी दोघांचं काम केलं. जेवायला पन सगळ्यांच्या शेवटी बसली. तिच्या तोंडाकडं बघून गप बसले." मग ती म्हणाली, "जा आता. सालं ठेव तिथंच, बकरीला लागतात."

येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही नाही. भाषण माझ्या खिशातच राहिलं.

शनिवारी सकाळी पाऊस बारीक होता. मी आणि बायको शेतात. चिखलणी आदल्या दिवशी पॉवर टिलरने झालेली, रोपाच्या जुड्या बांधून बांधावर ठेवलेल्या. बायकोने भात सावडीच्या जेवणाचा, बारा-पंधरा माणसांचा, चढवून ठेवला होता. का चढवला ते मी विचारलं नाही. आम्ही दोघं वाकलो. आमच्या शेतावरून आळीची पाणंद जाते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही दिसत होतो. दोन-तीन जण थांबले, "चाललंय का?" म्हणाले आणि पुढे गेले. तासाभरात आमची दीड ओळ झाली होती. त्यातली अर्धी तरंगत होती.

काकी पाणंदीवरून आली. साडी वर खोचलेली, डोक्यावर प्लास्टिक.  बांधावरून एक जुडी उचलली, बायकोच्या शेजारी उतरली आणि लावायला लागली.

बस, एवढंच झालं. दहा मिनिटांनी ट्रेलरवाल्याची बायको पाणंदीवर दिसली. ती थांबली, काकीकडे बघितलं, परत गेली. आली ती नवऱ्याला घेऊन. मग पलीकडचं घर. मग आळीच्या टोकाची म्हातारी, पाठ सरळ ताठ. जिचं मी बुडवलं होतं तीच चिखलात उतरली म्हटल्यावर बाकीच्यांनी काठावर उभं राहण्यात काही मतलब उरला नव्हता. नऊ वाजायच्या आत दहाही घरं आली.

"कसं काय पाठीचं?" मी ट्रेलरवाल्याला विचारलं.

"उतरली बाबा. निरगुडी लावली."

सगळं शेत हसलं. म्हणजे निरगुडीचंही कळलं होतं. शुक्रवारी काकीच्या पडवीत आम्ही दोघंच होतो, मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या आळीत असल्या गोष्टींचा तपास लावत बसू नये.

मला त्यांनी लावू दिलं नाही. जुड्या वाहायच्या, पाणी द्यायचं, चहा आणायचा. दुपारी बायकोने सगळ्यांना वाढलं तेव्हा काकीला शेजारी बसवलं आणि स्वतःही तिच्याबरोबर जेवली. चार वाजता शेवटची जुडी लागली. दोन्ही खाचरं हिरवी झाली, सरळ रेघांची. फक्त आमची सकाळची दीड ओळ वेगळी दिसत होती, आणि बघतो तर ट्रेलरवाल्याची बायको ती उपटून पुन्हा लावत होती.

सगळे पाटाच्या पाण्यात हातपाय धूत असताना मला राहवलं नाही. भाषण आठवलं. मी बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो की पुढच्या वर्षी काकीच्या लावणीला सगळ्यांत आधी मी हजर असेन, खरोखर उसण भरली तरी, आणि एकट्याच्या हाताने अख्खं खाचर लावून देईन.

काकीने पायाचा चिखल खरवडता खरवडता वर बघितलं.

"नको रे बाबा. तू लावलेलं आमी दर साली तुझ्या मागनं गपचूप उपटून परत लावतो. त्या दिवशी सरळ सांगितलं असतंस ना, माशाला जातो, तर आमीच तुला भाकरी बांधून दिली असती."